आयुष्याची दोरी कुणाच्या घराण्याची?

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या ओटीवर घरातले सगळे पुरुष जमले होते आणि एका फलकाचा मजकूर ठरत होता. वर ठसठशीत अक्षरात 'शतायुषी', खाली आजींचा फोटो, आणि फलक नांदगाव तिठ्यावर असा लावायचा की देवगडकडे वळणाऱ्या एस.टी.तल्या माणसालाही वाचता यावा. आजी म्हणजे माझ्या आजेसासूबाई, मामंजींच्या आई. त्यांच्या आधारकार्डावर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९२५. म्हणजे शंभरी होऊनही गेली आणि समारंभ राहिला, अशी हळहळ चालली होती.

मी चहा घेऊन बाहेर आले तर चुलतसासरे म्हणत होते, "आमच्या घराण्याचं आयुष्यच दांडगं! रक्तातच आहे ते." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. त्या नजरेचा अर्थ मला ठाऊक आहे. माझे वडील चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पुढे माझं लग्न ठरत असताना "मुलीकडे आयुष्य कमी आहे" असं इथे कुणीतरी बोललं होतं, आणि ते माझ्यापर्यंत पोचलंही होतं. बोलणाऱ्याचा राग केव्हाच गेला. पण शब्द राहिला. परवा माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने विचारलं, "आई, मी पणजीसारखी जगणार की तुझ्या बाबांसारखी?" तेव्हा मात्र मैत्रिणींनो, मी ठरवलं, की या रक्ताच्या गोष्टीचा एकदा नीट छडा लावायचा. शाळेत मी अर्धवेळ शिकवते, तिथे विज्ञानाच्या बाई आहेत, त्यांचं डोकं खाल्लं. हाताला लागेल ते वाचलं. त्यातलं जे समजलं ते इथे सांगते.

रामदास बोट बुडाली तेव्हा

सुरुवात घरातूनच केली. एका दुपारी मी आजींजवळ बसले. त्यांना ऐकू कमी येतं, दात नाहीत, पण आठवण अशी की माझ्या लग्नातल्या मानापानाच्या साड्यांचे रंग सांगतील. वय विचारलं की मात्र "माका काय म्हायत!" म्हणून मोकळ्या. मग मी दुसरीकडून गेले. "आजी, रामदास बोट बुडाली ती आठवते?"

तर काय, डोळे लकाकले. "आठवता म्हंजे? माजो थोरलो झील तेवा रांगत होतो. हेनी म्हमयत गिरणीत. चार दिस कोनाच्या पोटात आन्न नाय."

मुंबईहून रेवसला निघालेली रामदास १७ जुलै १९४७ ला बुडाली. शेकडो माणसं गेली. ज्यांचं कुणी मुंबईला होतं अशा कोकणातल्या प्रत्येक घरात त्या दिवसांत चूल पेटली नसेल. मुलगा रांगत होता, म्हणजे आठ-नऊ महिन्यांचा. लग्नाला तेव्हा दोन पावसाळे झाले होते असं आजी म्हणाल्या, आणि लग्नात त्या सोळा वर्षांच्या होत्या हे त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं त्यांना पक्कं आठवतं. करा बेरीज! जन्म १९२९ च्या आसपास. म्हणजे आज शहाण्णव. आधारकार्डावरची १ जानेवारी ही, आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांची असते तशी, कुणीतरी अंदाजाने टाकलेली तारीख.

ही काही आमच्याच घरची गंमत नाही. २०१० साली जपानमध्ये सरकारी नोंदी तपासल्या, तर कागदावर शंभरी उलटलेली दोन लाखांहून जास्त माणसं प्रत्यक्षात कुठे सापडेनातच! कुणी युद्धात गेलेलं, कुणी परदेशी, कुणाचं मरण कळवायचंच राहून गेलेलं. साउल न्यूमन नावाच्या संशोधकाने दाखवून दिलं, की अमेरिकेत ज्या ज्या राज्यात जन्मनोंदणी नीट सुरू झाली, तिथे एकशेदहा वर्षं ओलांडणाऱ्यांची संख्या एकदम घसरली. म्हणजे एखाद्या डोंगराळ गावाचं पाणी चांगलं म्हणून तिथली माणसं सव्वाशे वर्षं जगतात, अशी बातमी वाचली की आधी तिथला जन्माचा दाखला पाहावा आणि मग पाण्याचं कौतुक करावं.

खात्रीची शंभरी

ज्यांच्या वयाबद्दल शंका नाही असे शतायुषी आपल्या मराठी मुलखातही होऊन गेलेत. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर तर आमच्या जिल्ह्याचेच. सावंतवाडीजवळच्या कोलगावला १९ सप्टेंबर १८६७ ला जन्मले आणि ३१ जुलै १९६८ ला गेले. शंभर वर्षं आणि वर दहा महिने. मूळचे चित्रकार, पुढे वेदांच्या अभ्यासात बुडाले. औंधला उभा केलेला संसार आणि छापखाना १९४८ मध्ये हलवून गुजरातेत पारडीला नव्याने थाटला, तेव्हा ऐंशी वर्षांचे होते! आपण पंचेचाळिशीत घर बदलायचं म्हटलं तर डबे बांधतानाच कंबर धरतो.

महर्षी अण्णासाहेब कर्वे जन्मले १८ एप्रिल १८५८ ला आणि गेले ९ नोव्हेंबर १९६२ ला. एकशेचार वर्षं! त्यांच्या लहानपणची एक गोष्ट मला फार आवडते. मुरुडहून घाट चढून, पायी चालत ते साताऱ्याला परीक्षेला गेले, आणि तिथल्या साहेबांनी "तू फारच लहान दिसतोस, सतरा वर्षांचा नाहीस" म्हणून परत पाठवलं. एकशेचार वर्षं जगणाऱ्या माणसाचं शरीर सतराव्या वर्षीही सावकाशच चाललं होतं की काय, असं आपलं मला वाटून गेलं. ते शास्त्र नव्हे, माझ्या मनचं आहे.

पुण्याचे प्रोफेसर दि. ब. देवधर तिसरे. १८९२ ते १९९३. पन्नाशी उलटल्यावरही त्यांनी रणजी सामन्यांत शतकं काढली.

आता या थोर माणसांच्या घरात पाहा. सातवळेकरांचे चिरंजीव, चित्रकार माधव सातवळेकर, १९१५ मध्ये जन्मले आणि २००६ मध्ये गेले, म्हणजे नव्वदीपर्यंत पोचले. म्हटलं, रक्तातच आहे! पण अण्णासाहेबांचे थोरले चिरंजीव, ज्यांनी संततिनियमनाचं काम आयुष्यभर केलं ते र. धों. कर्वे, १९५३ साली एकाहत्तराव्या वर्षी गेले. वडील त्यानंतर नऊ वर्षं जगले. वडिलांचं एकशेचार वर्षांचं रक्त मुलाला एकाहत्तरच्या पुढे नेऊ शकलं नाही. मग रक्ताचा वाटा किती?

जुळ्यांनी सांगितलेलं

हा वाटा मोजायला शास्त्रज्ञांनी जुळ्या भावंडांचा आधार घेतला. काही जुळी हुबेहूब सारखी असतात, त्यांची जनुकं म्हणजे आईबापांकडून आलेल्या गुणांच्या पेशींतल्या नोंदी, अगदी एकसारख्या. काही जुळी नुसतीच एकावेळी जन्मलेली, एरवी साध्या भावंडांइतकीच सारखी. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जवळजवळ तीन हजार जोड्यांची आयुष्यं तपासली. हुबेहूब जुळ्यांची आयुष्यं एकमेकांच्या जवळ होती खरी, पण फार नाही. १९९६ मध्ये हिशेब प्रसिद्ध झाला: आयुष्याच्या लांबीत माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यातला साधारण पाव हिस्सा आनुवंशिक.

इथे एक गफलत होते, मीसुद्धा केली. पाव हिस्सा म्हणजे ऐंशी वर्षांतली वीस आईबापांनी दिली, असं नव्हे. माझ्या वर्गात चाळीस मुलं आहेत, कुणाला जास्त गुण पडतात कुणाला कमी. हा जो कमीजास्तपणा, त्यातला किती घरच्या अभ्यासामुळे आणि किती इतर कारणांनी, असा तो हिशेब आहे. एका मुलाबद्दल त्यातून काही सांगता येत नाही.

२०१८ मध्ये अमेरिकेत कोट्यवधी माणसांच्या वंशावळी जुळवून पाहिल्या, आणि मला सगळ्यात मजा त्यात वाटली. नवरा आणि बायको यांच्या आयुष्यातही साम्य निघालं! एवढंच नव्हे, तर ज्यांचं रक्ताचं काही नातं नाही अशा दीर-भावजयांच्या, मेहुण्या-मेहुण्यांच्या आयुष्यातही थोडं साम्य दिसलं. कारण उघड आहे. माणसं आपल्यासारख्या परिस्थितीतल्याच घरी सोयरीक करतात, आणि पुढे एका चुलीवरचं खातात. हे साम्य बाजूला काढल्यावर रक्ताचा वाटा शेकडा दहाच्याही खाली आला. उलट अलीकडे इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी असं मांडलं, की अपघात, साथीचे रोग अशी बाहेरून आलेली मरणं वगळली, तर उरलेल्यात आनुवंशिकतेचा वाटा निम्म्यापर्यंत जातो. मला यात विरोध वाटत नाही. आजींच्या लहानपणी साप, बाळंतपण, पटकी आणि हिवताप यांनी माणूस कोणत्या घराण्यातला हे विचारलंच नाही. ती मरणं कमी झाली तसं रक्ताला बोलायला अवकाश मिळाला.

आणि ऐंशी-नव्वदीच्या पलीकडे तो आवाज मोठा होतो. बॉस्टनचे डॉक्टर टॉमस पर्ल्स यांनी शंभरी गाठलेल्यांच्या भावंडांचा अभ्यास केला. अशांच्या बहिणींना शंभरी गाठण्याची शक्यता चारचौघींच्या आठपट, भावांना सतरापट! शंभर मुळात इतके थोडे, की सतरापट म्हणजेही मूठभरच. पण आमच्या आजींच्या माहेरचं हे जुळतं. त्यांची बहीण आचऱ्याला होती, नव्वदी ओलांडून गेली. भाऊ एकोणनव्वदचे होऊन गेले.

मग ती जनुकं कोणती? खूप शोधली, आणि खात्रीची म्हणावीत अशी दोनच हाती लागली. एक 'एपीओई' नावाचं. ते शरीरात चरबी वाहून नेण्याच्या कामाशी संबंधित आहे, आणि त्याचे तीन प्रकार असतात. त्यांतला चौथ्या क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा प्रकार ज्यांना मिळतो, त्यांना हृदयाचा त्रास आणि म्हातारपणी स्मृतिभ्रंश होण्याचा धोका वाढतो. शतायुषी माणसांत हा प्रकार कमी आढळतो. दुसरं 'फॉक्सो-थ्री'. याचा माग एका सूक्ष्म किड्यापासून लागला. मिलिमीटरभर लांबीच्या त्या किड्यात १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांनी एकच जनुक बदललेलं असताना आयुष्य दुप्पट झालेलं पाहिलं. त्याच साखळीतलं हे जनुक, आणि २००८ मध्ये हवाईतल्या जपानी वंशाच्या दीर्घायुषी पुरुषांत त्याचा एक प्रकार जास्त आढळला. बाकी सगळं अनेक लहान लहान जनुकांचं मिळून, चिमूट चिमूट मसाल्यासारखं. हॉलंडच्या लायडनमधल्या अभ्यासात तर असं दिसलं, की दीर्घायुषी घराण्यांत रोगाकडे नेणारी जनुकं इतरांइतकीच असतात. वाईट त्यांच्याकडेही आहे. फक्त कुठेतरी त्याच्यावर झाकण आहे.

मशेरी आणि पेज

आजींना भेटायला येणारा प्रत्येकजण विचारतो, काय खाता? उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, तारली-बांगडे, सोलकढी. पाहुण्या बायका लगेच मान डोलावतात, "तरीच!" पण अहो, याच चुलीवरची पेज आजेसासऱ्यांनीही खाल्ली, सुट्टीला यायचे तेव्हा. ते गिरणी सुटल्यावर गावी आले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. शिवाय पाहुण्यांना न सांगितलेली गोष्ट म्हणजे, आजी वयाच्या वीस वर्षांपासून मशेरी लावतात. रोज, सकाळ-संध्याकाळ.

न्यूयॉर्कचे डॉक्टर नीर बर्झिलाय यांनी पंचाण्णवच्या पुढच्या चारशे सत्त्याहत्तर ज्यू म्हाताऱ्यांना त्यांच्या तरुणपणच्या सवयी विचारल्या. सिगारेट, दारू, वजन, व्यायाम, कशातच ते आपल्या काळच्या इतर माणसांहून शहाणे निघाले नाहीत. जगात खात्रीने सर्वांत जास्त जगलेली बाई, फ्रान्सची झान काल्मां, एकशेबावीस वर्षं जगली (१८७५ ते १९९७) आणि शंभरीनंतरही सिगारेट ओढत होती. पण हे ऐकून कुणी मशेरीचा डबा पुढे ओढू नये! हे लोक छत्री घेऊन जन्मलेले असतात. ज्यांच्याकडे छत्री नाही त्यांनी पावसात उभं राहून त्यांची बरोबरी करायची नसते. आजींच्या दोन जावा मशेरी लावत होत्या, त्यांतली एक तोंडाच्या कॅन्सरने गेली. तिला कुणी ओटीवर आठवत नाही.

काल्मांची एकुलती एक मुलगी छत्तिसाव्या वर्षी गेली, नातूही तिच्या आधी गेला. आमच्या आजींचाही तो रामदासच्या वेळी रांगणारा थोरला मुलगा मुंबईला एकसष्टाव्या वर्षी गेला. आणखी एक मुलगी गेली. आजी त्यांची नावं फारशी घेत नाहीत. फक्त रामदासची गोष्ट सांगताना थोरल्याचं नाव येतं.

माझ्यासारख्या काळजी करणाऱ्या बायकांनी एक आकडा लक्षात ठेवावा. डॉक्टर पर्ल्स यांच्या गटाने पाहिलं, की शंभरी गाठलेल्या बायकांपैकी शेकडा त्रेचाळीस जणींना ऐंशीच्या आधीच एखादा मोठा आजार जडलेला होता. आजार न शिवता शंभरी गाठलेल्या शेकडा पंधराच. म्हणजे साखर निघाली, ब्लडप्रेशर निघालं की आयुष्य संपलं, असं नाही. पुरुषांत आजार न शिवलेले जास्त, बत्तीस. बाई आजार अंगावर घेऊन चालत राहते, पुरुष एक तर धडधाकट पोचतो नाही तर पोचतच नाही. शंभरीच्या रांगेत बायकाच किती तरी जास्त असतात, त्याचं एक कारण हे.

घराणं म्हणजे कुणाचं?

हे सगळं वाचून झाल्यावर मी मुलीच्या वहीत एक वंशावळ काढली. नावापुढे वय. मामंजींच्या घराण्यातले पुरुष: अठ्ठावन्न, एकसष्ट, सहासष्ट, सत्तर. नव्वदी गाठलेला एकही नाही! ओटीवर ज्या दांडग्या आयुष्याचा अभिमान चालला होता, ते आलं आचऱ्याहून, एका सोळा वर्षांच्या सुनेबरोबर. आमच्या घराण्याचं आयुष्य म्हणजे आजींच्या माहेरचं आयुष्य. आणि त्यातलं मामंजींना निम्मं, ह्यांना पाव, माझ्या मुलीला आठवा भाग. हॉलंडच्या झीलंड प्रांतातल्या आणि अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळींचा अभ्यासही हेच म्हणतो, की एखादी पणजी दीर्घायुषी असून भागत नाही, दोन्ही बाजूंचे अनेक आप्त आपल्या काळच्या माणसांतल्या सर्वांत जास्त जगलेल्या दहा टक्क्यांत असावे लागतात, तेव्हा ते रक्तात आहे म्हणता येतं.

मी वही मामंजींना दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांचं नाव यात नाही." मी म्हटलं, ती बाजू अजून काढायची आहे. "काढ," म्हणाले.

वडिलांचं वय लिहिताना हात थांबला हे खरं. पण त्याच बाजूला माझी आजी चौऱ्याऐंशी, तिची बहीण ऐंशी. एका मरणाने मी अख्ख्या माहेराला कमी आयुष्याचं ठरवलं होतं, दुसऱ्यांनी ठरवलं त्याआधी मीच. वडील विड्या ओढत, त्यांचं ब्लडप्रेशर कुणी कधी मोजलंच नव्हतं. तरी डॉक्टर सांगतात ते कानाआड करू नये: वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपण तो धोका धरून चालावं. मी कणकवलीला जाऊन रक्तातली चरबी आणि साखर तपासून घेतली. चरबी थोडी वर निघाली. खोबरेल तेलात आणि नारळाच्या वाटणात हात आखडला आहे, संध्याकाळी शेताच्या बांधाने चालते. वर्षातून एकदा तपासायचं ठरलं आहे. जनुकं तपासून देणाऱ्या पेट्या हल्ली मिळतात, त्याच्या भानगडीत मी पडले नाही. 'एपीओई' चौथं निघालं तरी करायचं हेच.

फलकाचं काय झालं? मी बेरीज सांगितल्यावर ओटीवर थोडी कुरकुर झाली. चुलतसासऱ्यांना सरकारी कार्डावर एका सुनेची बेरीज पटेना. शेवटी आजींनाच विचारलं. शंभरी झाली नाही, अजून चार वर्षं आहेत, असं मोठ्याने कानात सांगितलं. त्या म्हणाल्या, "मगे चार वर्सां रवांदेत. तवसर मी हंयच आसंय." आणि मशेरीचा डबा मागितला.

वंशावळीत आजींच्या माहेरच्या तीन नावांपुढची वयं अजून कोरी आहेत. गणपतीत आचऱ्याची माणसं येतील तेव्हा विचारून घेईन.